१६ जानेवारीची सुट्टी मागताय? आधी ती कुणाला मिळेल ते मोजा

प्रश्न थोडक्यात असा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलीस गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. नवी मुंबईतल्या एका प्रकल्पग्रस्त गावातल्या मंडळाला हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा व्हावा असं वाटतं. महापालिकेत निवेदन देऊन वर्ष उलटलं, कागद हलला नाही. अर्ज नेमका कुणाकडे करायचा आणि सुट्टी खरंच मिळू शकते का?

सुट्टी मिळू शकते. फक्त तुम्ही मागितली आहे ती वेगळी आणि जिथे मागितली आहे ती जागाही चुकली आहे. महापालिकेच्या महासभेला सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार नाही. ती फार तर शासनाला शिफारस करणारा ठराव करू शकते. तो जोडपत्र म्हणून उपयोगी पडतो, पण सुट्टी त्यातून येत नाही.

‘सार्वजनिक सुट्टी’ हे शब्द आपण सरसकट वापरतो, कागदावर मात्र त्यांना ठरावीक अर्थ आहे. त्या सुट्ट्या ठरतात परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली. म्हणजे हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांच्या कायद्याखाली! कारण साधं आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशी देय धरायची, असं हे कलम सांगतं. मग सुट्टी कुठली, हे सरकारने राजपत्रात छापून सांगणं भाग पडतं. केंद्राने हा अधिकार गृह मंत्रालयाच्या ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने राज्यांकडे सोपवला. त्यानुसार मंत्रालयातला सामान्य प्रशासन विभाग दर वर्षअखेरीला पुढच्या वर्षाची यादी काढतो. यादीत साधारण २४ दिवस असतात. १ एप्रिल त्यात फक्त बँकांपुरता येतो आणि भाऊबीजेची जादा सुट्टी राज्य शासनाच्या कार्यालयांपुरती वेगळी दिली जाते. यादीतल्या सुट्टीला बँका बंद राहतात, म्हणून लोक तिला ‘बँक हॉलिडे’ म्हणतात.

ही यादी एकदा नीट वाचा. २४ दिवसांत शोकाचे दिवस दोनच सापडतील, गुड फ्रायडे आणि मोहरम. दोन्ही धार्मिक परंपरेतून आलेले. आधुनिक काळातल्या एकाही दुर्घटनेचा किंवा गोळीबाराचा दिवस त्यात नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचंच घ्या. १ मे सुट्टीचा आहे, पण २१ नोव्हेंबर, म्हणजे हुतात्म्यांचा दिवस, सुट्टीचा नाही. त्या दिवशी हुतात्मा चौकात पुष्पचक्र वाहिलं जातं आणि कार्यालयं चालू राहतात. ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, सुट्टी नाही. १४ ऑगस्ट हा फाळणी विभीषिका स्मृती दिन म्हणून २०२१ मध्ये जाहीर झाला, त्यालाही नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला नाही, ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांना नाही, माळीणच्या दरडीला नाही. आपल्या ठाण्यात ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ इमारत कोसळून ७४ माणसं गेली, त्या तारखेलाही नाही.

तुमच्या निवेदनावर पहिली टिपणी लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्यापुढे हीच यादी असते. ‘ही मागणी मान्य केल्यास अशाच स्वरूपाच्या अन्य मागण्या येतील व पायंडा पडेल’ हे वाक्य त्याला सुचावं लागत नाही, आधीच्या नस्तीतून, म्हणजे फाइलीतून, उतरवून घेता येतं. तुमच्या हुतात्म्यांबद्दल त्याला आकस नसतो. पुढची पन्नास निवेदनं त्याला दिसत असतात.

न्यायालयात जाऊ, असंही कुणीतरी सुचवेल. खर्च करू नका. दादरा आणि नगर हवेलीत २ ऑगस्टची, म्हणजे मुक्तिदिनाची, सुट्टी यादीतून वगळली गेली तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. सार्वजनिक सुट्टी मिळणं हा कुणाचा कायदेशीर हक्क नाही, ती देणं-न देणं हा शासनाच्या धोरणाचा भाग आहे, असं न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. देशात सुट्ट्या आधीच जास्त आहेत, असा शेराही मारला.

‘लता मंगेशकर गेल्या तेव्हा एका रात्रीत सुट्टी जाहीर झाली की!’ हे उदाहरण हमखास दिलं जातं. ७ फेब्रुवारी २०२२ ला ती दिली गेली, ते खरं आहे. पण ती एका वर्षापुरती, एकाच दिवसाची सुट्टी होती. दरवर्षीच्या सुट्टीसाठी तिचा दाखला चालत नाही, म्हणून निवेदनात तो घालू नका.

आता मिळू शकणाऱ्या सुट्टीकडे येऊ. जिल्हाधिकाऱ्याला आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात. सहसा त्या यात्रा, उरूस, विसर्जन अशा कारणांनी दिल्या जातात. शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांना त्या लागू होतात, आणि आदेशाच्या शेवटी ठरलेली ओळ असते की हा आदेश बँका, न्यायालयं आणि केंद्र शासनाच्या कार्यालयांना लागू नाही. स्मृतिदिनासाठी हा मार्ग वापरल्याचा सगळ्यात जवळचा दाखला भोपाळचा. तिथे वायुदुर्घटनेच्या स्मरणार्थ ३ डिसेंबरला स्थानिक सुट्टी असते, मध्य प्रदेशभर नाही, भोपाळपुरती. ती दुर्घटनाही १९८४ चीच. महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांतल्या राज्य शासनाच्या कार्यालयांना स्थानिक सुट्टी दिली गेली. निवेदनात दाखले द्यायचे तर हे दोनच द्या. दोन्हींत शोकाचा दिवस आहे आणि दोन्हींत क्षेत्र मर्यादित आहे.

क्षेत्राचा हा मुद्दाच तुमच्या बाबतीत सगळ्यात किचकट आहे. नवी मुंबई हे एक शहर असलं तरी महसुली दृष्टीने ते दोन जिल्ह्यांत विभागलेलं आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा, म्हणजे नवी मुंबई महानगरपालिकेचं क्षेत्र, ठाणे जिल्ह्यात ठाणे तालुक्यात येतं. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल आणि सगळं उरण रायगड जिल्ह्यात आहे, त्याचे जिल्हाधिकारी अलिबागला बसतात. गोळीबार झाला ती ठिकाणं उरण तालुक्यातली, म्हणजे रायगडमधली. तुमचं गाव मात्र ठाणे जिल्ह्यात. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली तर घणसोली-कोपरखैरणेची कार्यालयं बंद राहतील आणि गोळीबाराच्या ठिकाणांलगतच्या जासई-पागोट्याची चालू. उलट आदेश निघाला तर उलट होईल.

शिवाय अख्ख्या ठाणे जिल्ह्याला सुट्टी मागितली तर ती शहापूर, मुरबाड, भिवंडीपर्यंत जाते. तिथले तहसीलदार कार्यालयाचे कर्मचारी ती आनंदाने घेतील, पण जिल्हाधिकारी आपल्या तीनपैकी एक सुट्टी त्यासाठी खर्च करणार नाहीत. म्हणून क्षेत्र आखडतं घ्या. रायगडकडे ‘उरण व पनवेल तालुके’, ठाण्याकडे ‘नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्र’. ठाणे तालुका असं मोघम लिहिलंत तर ठाणे शहर आणि मीरा-भाईंदरही त्यात येतं.

दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एकच तारीख धरावी, यासाठी वर कुणीतरी लागतो. तो तुमच्या दारातच आहे, सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात बसणारे विभागीय आयुक्त. ठाणे आणि रायगड हे दोन्ही जिल्हे त्यांच्या कोकण विभागात येतात. मूळ निवेदनं दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे आणि समन्वयाची विनंती आयुक्तांच्या नावे, अशी तीन स्वतंत्र पत्रं करा. एकाच पत्रावर ‘प्रति’ म्हणून सात नावं लिहिली की प्रत्येक कार्यालय ते दुसऱ्याचं समजून दफ्तरी दाखल करतं.

तारीख एकच ठेवा. १६ ला जासईत आणि १७ ला पागोट्यात अभिवादन होतं, त्यामुळे मंडळात ‘१६ की १७’ हा वाद होणारच. तो निवेदन देण्याआधी मिटवा. ‘१६ व १७ जानेवारी’ अशी दोन दिवसांची मागणी म्हणजे तीनपैकी दोन सुट्ट्या मागणं, आणि ती पहिल्याच टेबलावर संपते.

मंडळांच्या निवेदनांत नेहमी होणारी चूक म्हणजे सगळ्या मागण्या एकाच कागदावर. सुट्टी, स्मारकाला निधी, गावठाण विस्तार, घरं नियमित करणं, संपादित जमिनीच्या बदल्यात परत मिळायचे साडेबारा टक्क्यांचे राहिलेले भूखंड. ते एकाच लढ्याचे धागे आहेत, मान्य. पण नस्ती विषयानुसार चालते. त्यात भूखंड हा शब्द दिसला की पत्र ‘पुढील उचित कार्यवाहीसाठी’ सिडकोकडे किंवा नगरविकास विभागाकडे जातं आणि सुट्टीचा विषय तिथेच अडकतो. विषयाची ओळ आणि मागणी इतकीच असू द्या:

‘विषय: दि. १६ जानेवारी रोजी उरण व पनवेल तालुक्यांत स्थानिक सुट्टी जाहीर करणेबाबत.
दि. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या पाच शेतकऱ्यांच्या स्मरणार्थ, आपल्या अधिकारातील तीन स्थानिक सुट्ट्यांपैकी एक सुट्टी दि. १६ जानेवारी रोजी, उरण व पनवेल तालुक्यांपुरती, जाहीर करावी, ही विनंती. ठाणे जिल्ह्यातील नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्रासाठी मा. जिल्हाधिकारी, ठाणे यांना स्वतंत्र निवेदन दिले आहे.’

याच्या खाली पार्श्वभूमी, दहा ओळींच्या आत. त्यात विशेषणं नकोत. ‘क्रूर’, ‘अमानुष’ असे शब्द आले की वाचणाऱ्याला हे शासनावरच्या आरोपाचं पत्र वाटतं आणि ते गृह विभागाच्या अभिप्रायासाठी जातं. तिथून परत यायला किती काळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही.

जोडपत्रांत सगळ्यात वजनदार म्हणजे ग्रामसभांचे ठराव. जासई, पागोटे, नवघरसारख्या उरणमधल्या गावांना ग्रामपंचायती आहेत, तिथे ठराव रीतसर होतात. ठरावाच्या प्रतीवर क्रमांक, तारीख, सूचक-अनुमोदक आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा (पूर्वीचा ग्रामसेवक) सही-शिक्का हवा, नुसतं लेटरहेडवरचं पत्र ठराव धरलं जात नाही. महापालिका क्षेत्रातल्या गावांत ग्रामपंचायत नाही. तिथे महासभेचा ठराव मिळाला तर उत्तम, नाही तर गावकी आणि संस्थांची पत्रं. दुसरं जोडपत्र म्हणजे अभिवादन कार्यक्रम सलग किती वर्षं होतोय याचा पुरावा, पाच-सहा वर्षांच्या निमंत्रणपत्रिका आणि बातम्यांची कात्रणं. तिसरं बहुतेक कुणी जोडत नाही, पण त्यानेच काम होतं. गेल्या पाच वर्षांचे त्या जिल्ह्याचे स्थानिक सुट्ट्यांचे आदेश मिळवा आणि त्या तीन सुट्ट्या रविवारी किंवा शनिवारी आल्या होत्या का, कुठली बदलती राहिली, याचा अर्ध्या पानाचा तक्ता करा. तीनपैकी कुठल्याही ठरलेल्या सुट्टीला हात न लावता तुमची बसते, हे तुम्हीच दाखवलंत तर अधिकाऱ्याचं निम्मं काम होतं. दुसऱ्या समाजाची सुट्टी काढून आम्हाला द्या, असं मात्र चुकूनही लिहू नका.

वेळेचं गणित सणांपेक्षा वेगळं आहे. स्थानिक सुट्ट्यांचा आदेश वर्षाच्या तोंडावर निघतो आणि तुमची तारीख वर्षाच्या तिसऱ्याच आठवड्यात आहे. डिसेंबरात निवेदन दिलं तर ते पुढच्या वर्षासाठीच धरा. सप्टेंबरअखेर ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सामान्य शाखेत पोचलेलं हवं. दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिन्या-दीड महिन्यात काही कळलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ‘सुट्टी का दिली नाही’ असं विचारू नका, ‘का’चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. ‘आवक क्रमांक अमुक या निवेदनावर आजपर्यंत लिहिलेल्या टिपणीच्या प्रती द्याव्यात’ एवढंच. त्या टिपणीत नकाराचं जे कारण दिसेल, पुढचं निवेदन त्याच मुद्द्यावर करायचं.

हे सगळं जमून आदेश निघाला असं धरू. मग सुट्टी कुणाला मिळाली? तहसील, पंचायत समिती, तलाठी कार्यालय, महापालिकेची विभाग कार्यालयं. जेएनपीए, म्हणजे न्हावा-शेवाचं बंदर, केंद्राचं, ते चालू. बँका चालू. कंटेनर यार्डातला कंत्राटी कामगार, महापेच्या एमआयडीसीतला हेल्पर, वाशीच्या बाजार समितीतला माथाडी, रबाळ्याच्या गोदामातला सुपरवायझर, यांतल्या कुणालाही या आदेशाने सुट्टी मिळत नाही. प्रकल्पग्रस्तांची पुढची पिढी मोठ्या संख्येने याच ठिकाणी कामाला आहे. आणि ठाण्याच्या आदेशात निमशासकीय कार्यालयं धरली तर बेलापूरचं सिडको भवन बंद राहील, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या वारसनोंदीसाठी सकाळी खेप मारलेला माणूस बंद दरवाजा पाहून परत फिरेल. हुतात्म्यांच्या दिवशी सुट्टी सिडकोच्या बाबूला आणि हजेरी यार्डातल्या वारसाला, असं चित्र होतं. मंडळाने हे आधी आपसात बोलून घ्यावं. माझं मत विचाराल तर सुट्टीची मागणी सोडू नका, पण पहिल्या क्रमांकावर ठेवू नका.

खासगी कामगारांपर्यंत पोचायचा रस्ता वेगळा आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वीस किंवा अधिक (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा) कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला आठ पगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या असतात. त्या चारांत १६ जानेवारी घालायला जिल्हाधिकारी लागत नाही, मंत्रालय लागत नाही. वर्ष सुरू होण्याआधी संघटनेने व्यवस्थापनाशी लेखी ठरवायचं आणि सुट्ट्यांचा तक्ता सूचनाफलकावर लावायचा. कारखान्यांत हेच वेतनकरारात घालता येतं, फक्त करार संपायच्या आधी मागणीपत्रात ते कलम आलेलं हवं. एका यार्डात झालं की शेजारच्या यार्डात मागणं सोपं जातं.

सुट्टीशिवाय दिवस पाळण्याच्या दोन गोष्टी इथे नीट बसतात. एक, भोंगा. ३० जानेवारीला केंद्राच्या सूचनेनुसार सकाळी १०:५९ ते ११:०० भोंगा वाजतो, दोन मिनिटं सगळं थांबतं आणि ११:०२ ते ११:०३ पुन्हा भोंगा वाजवून मौन संपतं. नेमकी हीच पद्धत १६ जानेवारीला उरण-पनवेलमध्ये मागता येते. कारखान्यांना आणि बंदराला दोन मिनिटांना हरकत घेणं अवघड जातं, आणि पाळीवर असलेला माणूसही त्यात सामील होतो. दुसरी, शासकीय मानवंदना. चिरनेरच्या २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांना दरवर्षी पोलिसांकडून मानवंदना दिली जाते, उरण तालुक्यातच. त्यामुळे पायंड्याचा आक्षेप इथे तुमच्या बाजूने वळतो. एक बाब ध्यानात ठेवा. उरणचा महसुली जिल्हा रायगड असला तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं आहे. मानवंदनेचं पत्र अलिबागच्या पोलीस अधीक्षकांना देऊन उपयोग नाही, ते पोलीस आयुक्त, नवी मुंबई यांना द्यायचं आणि जिल्हाधिकारी, रायगड यांना माहितीसाठी प्रत. १९३० चा गोळीबार परकी सत्तेचा, १९८४ चा आपल्याच सरकारचा, हा फरक तिथे कुणीतरी नक्की काढेल. त्याला उत्तर तयार ठेवा.

शाळांसाठी सुट्टी मागू नका. मुख्याध्यापकांच्या अधिकारात वर्षाला दोन सुट्ट्या असतात, त्यातली एक गावची शाळा हवी तर देऊ शकते. पण शाळा चालू असली तर परिपाठात दहा मिनिटं त्या दिवसावर बोलता येतं आणि मुलं रांगेने स्मारकापर्यंत जातात. सुट्टी दिली तर ती घरी राहतात.

शेवटी वारांचा तक्ता बघा. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. १६ जानेवारी २०२७ मध्ये शनिवारी येतो आणि २०२८ मध्ये रविवारी. म्हणजे ही दोन वर्षं स्थानिक सुट्टीचा आदेश मिळाला काय, न मिळाला काय, फरक पडत नाही. ती भोंग्यासाठी, मानवंदनेसाठी आणि यार्डांतल्या सुट्टीच्या तक्त्यांसाठी वापरा. २०२९ मध्ये १६ जानेवारी मंगळवारी आहे. त्या वर्षीच्या आदेशासाठी ठाणे, अलिबाग आणि कोकण भवन अशा तिन्ही ठिकाणच्या पोचपावत्या तुमच्याकडे सप्टेंबर २०२८ पर्यंत असायला हव्यात.